घरी केलेला माइक: आवाज ‘मडक्यातून’ का येतो?

विचारणारा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला राहतो. हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना मिळून चार महिने झालेत. हाती जुना १०० वॅटचा एचएफ सेट (शॉर्टवेव्हवर बोलायचा रेडिओ) आहे, पुढे आठ पिनांचं गोल सॉकेट. पावसाळ्यात उंदरांनी हँडमाइकची केबल कुरतडली आणि कंपनीचा नवा माइक परवडेना. मग मोबाईलच्या इअरफोनवरचा बटणाएवढा माइक काढून पठ्ठ्याने सॉकेटला जोडला. ४० मीटरवर (७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात) कोल्हापूरचे लोक म्हणतात, “आवाज येतोय की ओ, पण मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा.” पॉवर वाढवली की त्याच आवाजाचं भुंकणं होतं. प्रश्न असा की चांगला माइक घरी बनतो का, कुठली कॅप्सूल (माइकमधला आवाज पकडणारा भाग) घ्यायची, की सरळ स्टुडिओचा यूएसबी माइक घेऊन टाकायचा.

बनतो. कॅप्सूल दहा-वीस रुपयांत येते. मी तीस-पस्तीस वर्षांत वीसेक माइक केले असतील, त्यातले निम्मे बिघडले. पण कॅप्सूल वाईट निघाली म्हणून बिघडलेला एकही आठवत नाही. बिघाड व्हायचा तो तिच्या पुढेमागे: कपॅसिटरमध्ये, ग्राउंडमध्ये, डबीत आणि माझं तोंड तिच्यापासून किती लांब आहे त्यात.

आधी एक लक्षात घ्या. तुमचे रोग दोन आहेत. मडकं हा एक आणि भुंकणं हा दुसरा. दोन्हींवर एकच औषध शोधत बसलात तर महिना जाईल. त्यांना वेगळं करायचा उपाय म्हणजे डमी लोड, अँटेनाऐवजी सेटची पॉवर गिळणारा रेझिस्टर. १ किलोओमचे, २ वॅटचे कार्बन किंवा मेटल फिल्म रेझिस्टर २० घ्या आणि सगळे पॅरलल जोडा. झाले ५० ओम आणि ४० वॅट. वायरवाउंड घेऊ नका, ते कॉइलसारखे वागतात. अँटेनाच्या जागी हा लोड लावा, पॉवर ३०-४० वॅटवर आणा आणि शेजारी दुसऱ्या रिसीव्हरवर हेडफोन लावून स्वतःचाच आवाज ऐका. सलग बोलू नका, अधेमधे रेझिस्टरांना हात लावून बघत जा. तिथे आवाज भुंकत नसेल आणि अँटेना लावल्यावरच भुंकत असेल, तर माइकच्या वायरीत आरएफ, म्हणजे सेटचीच रेडिओलहर, शिरतोय. मडकं मात्र डमी लोडवरही मडकंच राहील.

मडक्याचं आधी बघू, कारण नव्वद टक्के घरगुती माइक तिथेच मार खातात.

एसएसबीवर (एचएफवर बोलायची नेहमीची पद्धत) तुमच्या आवाजाला जागा मिळते ती साधारण ३०० ते २७०० हर्ट्झ, म्हणजे २.४ किलोहर्ट्झ. माणसाच्या, त्यातून पुरुषाच्या आवाजातली ताकद बरीचशी खाली असते, शंभर ते चारशेच्या आसपास. शब्द कळतात ते मात्र वरच्या भागावर, दीड ते तीन हजार हर्ट्झच्या पट्ट्यात. ‘त’ आणि ‘थ’, ‘स’ आणि ‘श’ यांतला फरक तिथेच असतो. इअरफोनचा माइक खालचं सगळं इमानदारीने उचलतो. सेटचा ऑडिओ त्या घुमण्यानेच भरून जातो, एएलसीचा (ऑडिओ जास्त झाला हे दाखवणारा) काटा ‘हं’ म्हटल्यावरच उडतो आणि कामाची व्यंजनं मागे राहतात. त्यात तो माइक छातीवर लोंबत असणार. मग तोंडाच्या आवाजाबरोबर खोलीचा प्रतिध्वनीही आत जातो. उरलेलं मडकं त्याने पुरं होतं.

म्हणून ‘गोड’ आवाजाच्या मागे लागू नका. तुमचा आवाज पलीकडे जातो तो पंख्याच्या, विजेच्या आणि कडकडाटाच्या गर्दीतून. तिथे थोडा बारीक, कोरडा, टोकदार आवाजच पोहोचतो. घरातल्यांना तो ऐकवलात तर ‘सर्दी झालीय का’ असं विचारतील. खुशाल विचारू द्या.

आता कॅप्सूल. बेळगावच्या बाजारात सुटे भाग विकणाऱ्या दुकानात जाऊन ‘इलेक्ट्रेट’ म्हणालात तर दुकानदार तोंडाकडे बघेल. ‘कंडेन्सर माइक’ म्हणा, मराठी असो की कन्नड, लगेच ड्रॉवर उघडेल. १९६२ मध्ये बेल लॅब्समध्ये जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर या दोघांनी ही जात जन्माला घातली. आत एक पातळ पडदा असतो, विजेचा भार कायमचा धरून ठेवणारा पदार्थ असतो आणि एक छोटा एफईटी ट्रान्झिस्टर असतो. त्या ट्रान्झिस्टरला जेवायला थोडा डीसी लागतो. तुमच्या इअरफोनच्या माइकला तो धड मिळत होता की नाही, याचीच मला शंका आहे.

९.७ मिलिमीटर व्यासाची घ्या. ६ मिलिमीटरची पण चालते, पण हात नवा असेल तर मोठी बरी. पाचेक घ्या, दोन तरी सोल्डर करताना जातीलच. घरी आल्यावर भिंग लावून पाठ बघा. दोन अर्धगोल ठिपके दिसतील. त्यातल्या एकापासून दोन-तीन बारीक रेघा बाहेरच्या कडेपर्यंत गेलेल्या असतात, म्हणजे तो ठिपका डब्याला जोडलेला आहे. तो ग्राउंड, दुसरा प्लस. रेघा दिसत नसतील तर मीटरची कंटिन्युइटी लावून डब्याशी तपासा. मग कॅप्सूल क्रोकोडाइल क्लिपमध्ये धरा, म्हणजे उष्णता क्लिपमध्ये जाते. वायरीच्या टोकाला आधीच शिसं लावून ठेवा आणि ठिपक्यावर आयर्न दोन सेकंदांच्या वर टेकवू नका. तापली की आतला भार उडतो. कॅप्सूल मरत नाही, पण बहिरी होते, आणि मग तुम्ही आठवडाभर दोष सेटमध्ये शोधत बसता.

सर्किट म्हणावं असं त्यात फार काही नाही. अशा सेटच्या सॉकेटवर बहुतेक वेळा एका पिनवर ५ किंवा ८ व्होल्ट दिलेले असतात. ८ व्होल्ट धरून सांगतो. त्या पिनपासून १ किलोओम, तपकिरी-काळा-लाल. त्याच्या पुढच्या टोकापासून ग्राउंडला २२ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, प्लस रेझिस्टरच्या बाजूला. याने सेटच्या सप्लायमधली घुंई गाळली जाते. त्याच टोकापासून पुढे ४.७ किलोओम, पिवळा-जांभळा-लाल, तो कॅप्सूलच्या प्लसला. आणि कॅप्सूलच्या प्लसपासून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सेटच्या माइक पिनला. एवढंच. ५ व्होल्टचा सेट असेल तर ४.७ च्या जागी २.२ किलोओम घाला, लाल-लाल-लाल.

जोडून झाल्यावर, सेट फक्त रिसीव्हवर ठेवून, कॅप्सूलच्या दोन टोकांवर डीसी मोजा. ८ व्होल्टच्या जोडणीत ५ ते साडेसातच्या मधे काहीतरी यायला हवं. पूर्ण ८ दिसले तर करंटच वाहत नाही, कुठेतरी सोल्डर सुटलंय. शून्याच्या जवळ असेल तर शॉर्ट शोधा. कॅप्सूल उलटी लागली नाही ना, तेही बघा.

तो ०.१ चा कपॅसिटर दिसायला फालतू, पण मडकं फोडतो तो तोच. इथे सगळे एक चूक करतात, मीही केली. सेटच्या माइक इनपुटची इंपीडन्स (सिग्नलला होणारा अडथळा) ६०० ओमच्या आसपास असते. तेवढीच धरून हिशेब केला तर १ मायक्रोफॅरडला कटऑफ, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज कापला जातो ती जागा, २६५ हर्ट्झ निघतो. ‘छान, ३०० च्या जवळ’ म्हणून मी वर्षभर १ मायक्रोफॅरड वापरत होतो आणि आवाज घुमतच होता. कारण कपॅसिटरला दिसतात ते फक्त इनपुटचे ६०० ओम नव्हेत, अलीकडचा ४.७ किलोओमही दिसतो. दोन्ही मिळून ५.३ किलोओम. मग १ मायक्रोफॅरडचा कटऑफ होतो ३० हर्ट्झ, म्हणजे काहीच कापलं जात नाही. ०.१ घातला की बरोबर ३०० हर्ट्झ. २.२ किलोओमच्या जोडणीत हेच काम ०.२२ मायक्रोफॅरड करतो, तिथे कटऑफ २५८ येतो. आवाज तरीही जाडा वाटला तर एक पायरी खाली उतरा. माझा स्वतःचा आवाज खर्जातला, मी ०.०६८ वर आलोय.

कपॅसिटर हिरवा पॉलिस्टरचा घ्या, २ए१०४ छापलेला. चकतीसारखा सिरॅमिक स्वस्त असतो, पण त्यातले काही टकटक केली तर स्वतःच माइकसारखे बोलतात. या जागेला इलेक्ट्रोलिटिक तर नकोच. काही कंपन्यांच्या सेटमध्ये माइकच्या पिनवरही डीसी सोडलेला असतो, आणि कुठल्या बाजूला जास्त व्होल्ट आहेत हे बघून प्लस-मायनस ठरवत बसावं लागतं.

पिनांचं सांगतो. आठ पिनांचं गोल सॉकेट तिन्ही मोठ्या जपानी कंपन्यांनी वापरलं, आणि तिघांनी पिना तीन तऱ्हेने वाटल्या. एकाच्या १ नंबरवर माइक, दुसऱ्याच्या ८ नंबरवर. त्यामुळे मित्राचा माइक ‘बसतोय की’ म्हणून लावू नका. तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल उतरवून घ्या. त्यातलं चित्र सेटच्या समोरून पाहिलेलं आहे की प्लगच्या मागून, हे दोनदा वाचा. सोल्डर तुम्ही प्लगच्या मागून करता आणि मागून आकडे आरशातल्यासारखे उलटतात. माझा दुसरा का तिसरा माइक होता. रविवारची दुपार, जेवण झालेलं, चित्र समोरून काढलेलं आणि मी मागून सोल्डर केलेलं. पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबलं आणि सप्लायची पिन सरळ ग्राउंडला. सेटमधला एक इवलासा रेझिस्टर तपकिरी झाला आणि खोलीत तो ओळखीचा वास. तेव्हापासून प्लगच्या प्रत्येक पिनवर क्रमांक कोरलेला असतो तो भिंगातून बघतो आणि मगच आयर्न उचलतो.

माइकचा ग्राउंड आणि पीटीटीचा ग्राउंड सॉकेटवर वेगळे दिलेले असतील तर वेगळेच न्या. ऑडिओसाठी शिल्ड वायर, पीटीटीसाठी तिच्या बाहेरून साध्या दोन वायरी. दोन्हींना एकच ग्राउंड दिला की बटण दाबताना टक् आवाज जातो आणि कधीकधी डिजिटल डिस्प्लेची किरकीर ऑडिओत ऐकू येते.

भुंकण्याकडे येऊ. कॅप्सूलच्या आतला एफईटी हा आरएफच्या दृष्टीने एक डिटेक्टरच, रेडिओलहरीतून आवाज काढणारा भागच, आहे. तुमच्या इअरफोनची वायर केसासारखी बारीक, तिला धड शिल्ड नाही. ती अँटेनासारखी ७ मेगाहर्ट्झ पकडते, एफईटी ते डिटेक्ट करतो, तो आवाज परत सेटमध्ये जातो, पुन्हा प्रसारित होतो. कुत्रं स्वतःच्या शेपटीमागे फिरतं तसं. उपाय कॅप्सूलच्या अंगावरच सुरू करा. दोन ठिपक्यांमध्ये, पाय जमतील तितके आखूड ठेवून, १००० पिकोफॅरडचा सिरॅमिक लावा, त्यावर १०२ लिहिलेलं असतं. इथे चकतीच योग्य. आरएफला तो रस्ता मोकळा करतो आणि ऑडिओला त्याची जाणीवही होत नाही. प्लसच्या वायरीत एक फेराइट मणी ओवला तर आणखी बरं. शिल्ड प्लगच्या धातूच्या कवचाला जोडा आणि कॅप्सूलभोवती धातूची डबी हवी.

बंद पडलेल्या मॉनिटरच्या केबलवर जो प्लॅस्टिकचा फुगवटा असतो, त्याच्या आत फेराइटची नळी असते. फोडून काढा. माइकची केबल तिच्यातून एकदाच ओवून ७ मेगाहर्ट्झवर फारसा फरक पडत नाही. चार फेरे घेतले तर परिणाम १६ पट होतो, फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. केबल जाड असेल तर फेरे बसत नाहीत, म्हणून बारीक शिल्ड केबल घ्या.

एवढं करूनही भुंकलं तर माइकला शिव्या देणं थांबवा आणि छपरावर बघा. ४० मीटरचा डायपोल (दोन हातांची तारेची अँटेना) फणसाला बांधून, बालून (केबलच्या जाळीवरचा आरएफ अडवणारा भाग) न लावता कोॲक्स, म्हणजे अँटेनाची केबल, सरळ खिडकीतून टेबलावर आणलेला असेल, तर कोॲक्सची बाहेरची जाळी हीच तुमची तिसरी अँटेना आहे आणि ती सेटपाशी येऊन संपते. फीडपॉइंटपाशी, म्हणजे केबल अँटेनाला मिळते तिथे, मोठ्या फेराइट टोरॉइडवर (कड्यावर) कोॲक्सचे आठ-दहा फेरे घाला. मी पाहिलेल्या भुंकणाऱ्या माइकपैकी निम्मे अँटेनाच दुरुस्त केल्यावर बरे झाले.

डबीसाठी माझी आवडती वस्तू निपाणीकडची, तंबाखू-चुन्याची डबी. दोन तोंडांची, एकीकडे तंबाखू, दुसरीकडे चुना. तंबाखूच्या बाजूला कॅप्सूल, चुन्याच्या बाजूला रेझिस्टर-कपॅसिटर, मधल्या पडद्याला एक भोक पाडून वायर ओवायची. मुठीत छान बसते. आजोबांची वापरलेली असेल तर चुना व्हिनेगर लावून घासून काढा, नाहीतर ॲल्युमिनियम आतून खात राहतो. ॲल्युमिनियमला सोल्डर चिकटत नाही, म्हणून छोटा स्क्रू, खाली सोल्डर टॅग, आणि टॅगला शिल्ड. रंग असेल तर टॅगखालचा रंग खरवडा, तोच विसरला जातो. कॅप्सूल डबीत रबराच्या रिंगमध्ये बसवा. सायकलच्या ट्यूबची कापटी चालते. नाहीतर मुठीची घासाघीसच जास्त ऐकू जाते. समोरच्या भोकावर पितळी जाळी लावा. मी चहाच्या गाळणीची कापून लावली होती, पण स्टीलच्या जाळीला साधं सोल्डर धरत नाही, तिला दाबून बसवावं लागलं. आमच्या घरात त्यावरून आठ दिवस चहा कापडाने गाळला गेला.

बाहेरच्या आवाजाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण जांबोटीचा पाऊस पत्र्यावर पडतो तेव्हा काय होतं ते मला ठाऊक आहे. मी बेळगावच्या वडगावात राहायचो तेव्हा भिंतीपलीकडे पॉवरलूम होते. सकाळी सुरू झाले की दिवसभर खडखड. मी ‘क्यू आर झेड?’ (मला कोण बोलावतंय?) म्हणायच्या आधी समोरचा विचारायचा, “गिरणीत बसलाय काय?” फिल्टर लावून पाहिले, काही झालं नाही. खडखडाट आणि माझा आवाज एकाच पट्ट्यात होते. शेवटी कामाला आलं ते अंतर. तोंड कॅप्सूलच्या निम्म्या अंतरावर आणलं की तुमचा आवाज ६ डेसिबलने वाढतो. वीस सेंटिमीटरवरून अडीच सेंटिमीटरवर या, १८ डेसिबल. लूमचं अंतर तेवढंच राहतं. मग माइक गेन तेवढाच कमी करा, लूम १८ डेसिबल मागे गेला. पैसा खर्च नाही, फक्त माइक ओठांजवळ धरायची सवय लावून घ्यायची.

त्यापुढे जायचं असेल तर पाठीलाही भोकं असलेली, एकाच दिशेचं ऐकणारी कॅप्सूल मिळते. तिची पाठ बंद करू नका. हॉट ग्लूने ती भोकं बुजवून मग ‘काही फरक नाही’ म्हणणारे दोघे-तिघे भेटले आहेत. अशी कॅप्सूल चुन्याच्या डबीत नको, दोन्ही बाजूंनी उघड्या जाळीत हवी. आणि ती तोंडाजवळ नेली की खर्ज फुगवते, म्हणजे कपॅसिटर आणखी लहान करावा लागतो. तुमच्यासाठी पहिल्या खेपेला बंद पाठीचीच घ्या.

जवळून बोलायचं म्हणजे फुंकर लागणार. कॅप्सूलसमोर अर्ध्या इंचाचा स्पंज लावा आणि तोंडासमोर सरळ न धरता ओठांच्या कोपऱ्याशी, जरा तिरका धरा. इंग्रजी माइकवाले फक्त ‘प’ आणि ‘ब’ ला घाबरतात, आपल्याकडे ‘फ’ आणि ‘भ’ पण आहेत. मी चाचणीला ‘फणस, भाकरी, भोपळा, पापड’ म्हणतो. कॉलसाइनमध्ये, म्हणजे हवेवरच्या तुमच्या नावात, ‘पापा’ (पी) किंवा ‘ब्राव्हो’ (बी) असेल तर तेही. मग ‘सशाची शेपटी’ म्हणून सकार तपासतो. धारवाडकडच्या मित्राशी कन्नडमध्ये बोललो तरी हीच अक्षरं माइक फोडतात.

इतर कॅप्सूलींचं थोडक्यात. डायनॅमिक माइक, म्हणजे मॅग्नेट आणि कॉइलवाला, मिळाला तर उत्तम. त्याला डीसी लागत नाही, पण तुमच्या सेटच्या माइक पिनवर डीसी असेल तर मधे कपॅसिटर हवाच. जुन्या ट्रान्झिस्टरचा ८ ओमचा स्पीकर उलटा वापरून माइक होतो. त्याच रेडिओचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर उलटा लावायचा. गंमत म्हणून करा, आवाज बंद पेटीतला येतो. जुन्या काळ्या टेलिफोनमधल्या कार्बन कॅप्सूलला बराच करंट लागतो आणि दाणे गोठले की टेबलावर आपटावी लागते. क्रिस्टल माइक कुणी आठवण म्हणून दिला तर कपाटात ठेवा. त्यातला रोशेल सॉल्टचा स्फटिक ओल सहन करत नाही, आणि तुमच्याकडच्या पावसात तो श्रावण बघणार नाही.

यूएसबीचा स्टुडिओ माइक घेऊ नका. तो संगणकाशी बोलतो, तुमच्या सेटच्या पिनेला तो कळतच नाही. ॲनालॉग स्टुडिओ माइक घेतलात तरी तो ज्या २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झसाठी पैसे मागतो, त्यातलं नऊ-दशांश तुमचा फिल्टर कापून टाकणार.

हेच वाचून कुणी हैदराबादचे अशर फरहान यांच्या बिटएक्ससारख्या घरगुती सेटला माइक करणार असेल, तर त्याला दोन गोष्टी. एक, तिथे कॅप्सूलसाठी डीसी बोर्डावरूनच मिळतो. वर सांगितलेले रेझिस्टर पुन्हा घालू नका, फक्त कॅप्सूल, १०२ आणि पीटीटी. दोन, अशा सेटवर आवाज जाडा किंवा पत्र्यासारखा आला तर आधी कॅरियर ऑसिलेटर क्रिस्टल फिल्टरच्या कडेवर बरोबर बसलाय का बघा. तो शे-दोनशे हर्ट्झ सरकलेला असेल तर जगातला कुठलाही माइक ते झाकू शकत नाही.

गेन लावताना स्पीच प्रोसेसर बंद. नेहमीच्या आवाजात बोला, एएलसीचा काटा शब्दांच्या टोकांवर थोडा हलला की पुरे. पट्टीच्या बाहेर गेला की तुमचा आवाज मोठा होत नाही, रुंद होतो, आणि ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झच्या आपल्या एवढ्याशा अंगणात शेजाऱ्याच्या दारात कचरा जातो. सुरुवातीला काटा हललाच नाही तर प्रीॲम्प करायला धावू नका. कंडेन्सर माइक डायनॅमिकपेक्षा बराच जोरात बोलतो. सिग्नल कमी येत असेल तर बहुतेक वेळा पिन चुकलेली असते.

आणि रिपोर्ट मागताना ‘माझा आवाज कसा आहे’ असं विचारू नका. आपली माणसं भिडस्त, ‘फाइव्ह नाइन, एकदम झकास’ म्हणतात. इअरफोनचा माइक आणि नवा माइक दोन्ही प्लगवर तयार ठेवा, कुठला कोणता ते न सांगता बदला आणि ‘पहिला की दुसरा?’ विचारा. इंटरनेटवर चालणारे वेबएसडीआर रिसीव्हर असतात, त्यांच्यावर स्वतःला रेकॉर्ड करून ऐकणं सगळ्यात प्रामाणिक. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटते, तिसऱ्यांदा दोष दिसायला लागतात.

पीटीटीला दाराच्या बेलचा पुश चालतो, पण त्याची स्प्रिंग कडक असते, दहा मिनिटांत अंगठा दुखतो. मोडक्या माउसमधला मायक्रोस्विच काढा, हलका आणि टिकाऊ. पावसाळ्यात काम झालं की माइक सिलिका जेलच्या पुडीबरोबर घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. बुटांच्या खोक्यात मिळतात त्या पुड्या चालतील. ओल शिरलेली कॅप्सूल आधी खसखस आवाज करते, मग एक दिवस गप्प होते.

उंदरांसाठी मी केबलला कडुनिंबाचं तेल लावून पाहिलं, तिखट लावून पाहिलं. उंदरांनी दोन्ही चवीनं खाल्लं. आता प्लग काढून अख्खी केबल छताच्या वाशाला मारलेल्या खिळ्याला टांगतो आणि खिळ्याच्या वर नारळाची करवंटी उलटी बसवलीय.